तळ्याकाठची सून

शीलामावशी ‘गावाकडे’ म्हणाल्या की माझ्या डोळ्यांसमोर नागपूरच्या आसपासचं एखादं खेडं यायचं. त्या मूळच्या नागपूरच्या, बोलणंही तिकडचंच, मग दुसरं काय वाटणार? एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या, “गावाकडे आज सकाळपासून बर्फ पडून राहिला,” आणि माझे हात थांबले. विदर्भात गारा पडतात हे मला ठाऊक होतं. पण बर्फ?

“मावशी, गाव म्हणजे कुठलं गाव?”

“माझं सासर. फ्रान्समधे. डोंगरात आहे, तळ्याच्या काठावर.” एवढं सांगून त्या लगेच माझ्या ड्रायरकडे वळल्या. “तू ती धाग्यांची जाळी साफ केली का? केली नाही तं आग लागते, बाप्पा. मागे एका बिल्डिंगमधे लागली होती.”

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. अमेरिकेत, न्यूजर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, तळघरातल्या लाँड्रीरूममध्ये आमची ओळख झाली. सुहासशी लग्न करून मी पुण्याहून नुकती आले होते. तो पहाटे न्यूयॉर्कची गाडी पकडायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, आणि गाडी चालवायला मी शिकलेच नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी वॉशिंग मशीनमध्ये इतका साबण ओतला की फेस जमिनीवर आला. “अरे देवा, आता काय करू?” असं मी मोठ्यानं म्हणाले. मागून आवाज आला, “घाबरू नको पोरी, बंद कर आधी ते.” वळून बघते तर नर्सचा पांढरा पोशाख घातलेली, कापलेल्या केसांची, सावळी, काटक बाई. माझ्यापेक्षा त्याच जास्त घाबरलेल्या दिसत होत्या.

मावशींचं घाबरणं हा त्यांचा स्वभावच होता. त्यांच्या गाडीतलं पेट्रोल कधी अर्ध्याच्या खाली गेलं नाही. डिकीत ब्लँकेट, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि जाड दोरीचं एक वेटोळं असे. आम्ही त्यांच्याकडून निघालो की घरी पोचल्यावर दोनदा रिंग देऊन फोन ठेवायचा असा नियम होता. आमचं घर समोरच्याच इमारतीत, त्यांच्या खिडकीतून आमचा दरवाजा दिसायचा, तरीही. सुहास हसून म्हणायचा, “मावशी, तुम्हाला दिसतो ना आम्ही आत शिरताना?” त्या म्हणायच्या, “आत शिरल्यावर काय होते ते थोडीच दिसते?”

गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे त्या शेजारी बसून दाराचा दांडा घट्ट धरायच्या, आणि पुढची गाडी अजून दिसते न दिसते अशी असताना “ब्रेक!” असं ओरडायच्या. एकदा मी विचारलं, “मावशी, मागे ती दोरी कशाला?” त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “माझे सासरे तळ्यात गेले. मासे पकडायला गेले होते, वारा सुटला आणि नाव उलटली. काठावर माणसं उभी होती म्हणतात. दोरी नव्हती कोणाजवळ. ब्रेक!”

लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी त्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. पास झाल्याचं सांगायला मी धावत गेले. त्यांनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, “आता खरी काळजी. आता तू एकटी जाशील.”

त्यांची हकीगत मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. वडील नागपूरला कापडगिरणीत कामाला. मुलगी शिकली, मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली. तिथल्या फ्रेंच नन्सनी विचारलं, आमच्या देशात डोंगरात छातीच्या रोग्यांचा दवाखाना आहे, येतेस का? ती गेली. साठचं दशक संपत आलं होतं. मोहल्ल्यातली सगळी माणसं स्टेशनवर सोडायला आली होती म्हणे. दवाखाना चढावर आणि गाव खाली तळ्याशी. दवाखान्यात रेने नावाचा पेशंट होता, शहरातल्या एका कारखान्यात काच फुंकून प्रयोगशाळेची भांडी बनवणारा. तो बरा झाला, पण दर रविवारी चढ चढून येतच राहिला. “मी म्हटलं, अरे तू बरा झाला, आता कायले येतो? तं म्हणे, श्वास तपासून घ्यायला.”

लग्न झालं, काही वर्षं गावातच गेली. मग न्यूजर्सीतल्या एका प्रयोगशाळेला काचेची अवघड कामं करणारा माणूस हवा होता, म्हणून दोघं इकडे आली. मूलबाळ झालं नाही. मी येण्याच्या आदल्या वर्षी रेने हृदयविकारानं गेले. मावशींच्या हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी रेनेंचा फोटो, आणि त्यांनी फुंकलेला एक काचेचा मासा होता. मावशी एका नर्सिंग होममध्ये कामाला जायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या, आणि त्यांची स्वतःची सासू तिकडे तळ्याकाठच्या घरात एकटी राहायची.

त्या गावाचं नाव आम्हाला नीट उच्चारता येत नसे. आम्ही म्हणायचो मावशींचं गाव. ते मी कधी पाहिलेलं नाही, पण आजही तिथे वाट चुकणार नाही असं वाटतं. एकच रस्ता, एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला बोटीचा धक्का. मधे बेकरी. घरांच्या मागून सरळ डोंगर उठलेला, इतका जवळ की हिवाळ्यात भरदुपारीच गावावर सावली पडते आणि पलीकडच्या काठावर मात्र ऊन राहतं. गावातले लोक खिडकीत बसून समोरच्यांचं ऊन बघतात. उन्हाळ्यात धक्क्यावर बोट येते, तळ्यापलीकडच्या शहरातून माणसं, सामान आणि बातम्या आणते. तळ्याचं पाणी हिरवं आणि काठापासूनच खोल. “दोन पावलं टाकली की तळ नाही,” मावशी म्हणायच्या आणि पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात गळ्याशी न्यायच्या. त्यांना पोहता येत नव्हतं.

सासूविषयी त्या फार बोलायच्या, पण कौतुकानं कधी नाही. “फ्रेंचमधे सासूला ‘सुंदर आई’ म्हणतात. कोणी ठेवलं नाव कोणास ठाऊक.” सुरुवातीची दोन वर्षं ती बाई सुनेशी कामापुरतंही बोलली नाही. रेनेला सांगायची, तिला सांग दार लावून घे. दोघी एकाच स्वयंपाकघरात उभ्या असताना.

मग ती बदलली कशी, हे मला एका वेगळ्याच दिवशी कळलं. मराठी मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. मी मावशींना आग्रहानं नेलं. त्यांचं फ्रेंच आडनाव ऐकून एका काकूंचं कुतूहल जागं झालं.

“अय्या, फ्रेंच! पण मग माहेरच्या कोण तुम्ही?”

“मेश्राम,” मावशी म्हणाल्या.

“अच्छा, अच्छा,” काकू म्हणाल्या. मग त्यांना एकदम चटणीचा चमचा सापडेना, आणि तो शोधत त्या दुसऱ्या टेबलापाशी गेल्या. परत आल्या नाहीत.

परतताना गाडीत मी काहीतरी बोलायला गेले. मावशींनी हातानंच थांबवलं. “राहू दे. नवीन नाही मला. तिकडेही झालं होतं.”

“फ्रान्समधे?”

“गावात एक रिटायर मास्तर होता. भारतावरची पुस्तकं वाचलेला. बेकरीत सगळ्यांसमोर विचारलं त्यानं मला, तुमची जात कुठली? मला फ्रेंच धड येत नव्हतं, पण तेवढं समजलं. एवढ्या दूर आले, समुद्र ओलांडून आले, आणि तो प्रश्न माझ्या आधीच तिथे येऊन बसला होता. मागे सासू उभी होती. वाटलं, आता हिलाही समजणार, आता हिच्या हातात कोलीत. तिनं पाव टोपलीत ठेवला आणि मास्तराला म्हणाली, ती आमच्या घरची आहे. अजून काही?”

“मग?”

“मग काही नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. काय बोलली माहीत आहे? म्हणे, सूपमधे तू मीठ जास्त टाकते.”

मावशी हसल्या. मी गाडी चालवत होते, आणि त्या दिवशी त्या एकदाही ब्रेक म्हणून ओरडल्या नाहीत.

रेने गेल्यावर सासूनं अमेरिकेत, मुलाच्या घरी, यायला साफ नकार दिला होता. मग मावशींनी एक व्यवस्था लावली. बेकरीवाली मार्तीन दुकान बंद करण्याआधी दारातून म्हातारीच्या घराकडे बघायची. स्वयंपाकघरात दिवा लागलेला असला की ठीक. आमच्याकडे न्यूजर्सीत त्या वेळी दुपार असायची. मावशी जेवणाच्या सुट्टीत फोन करायच्या, “दिवा?” एवढंच विचारायच्या, आणि मार्तीनचं उत्तर ऐकल्यावरच त्यांच्या घशाखाली घास उतरायचा. मधल्या काळात म्हातारीचं विसरणं सुरू झालं होतं. कधी दूध उतू, कधी कोंबड्या दिवसभर कोंडलेल्या. मार्तीन सांगायची त्यातलं अर्धं, आणि न सांगितलेलं अर्धं मावशी स्वतः रचायच्या.

एका शरद ऋतूतल्या रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. त्यांनी नेहमीसारखा फोन लावला. मी चेहऱ्याकडे बघत होते. तो हळूहळू पुसल्यासारखा झाला.

“काय झालं?”

“दिवा नाही. दार उघडं आहे. मार्तीन पळत गेली बघायला. फोन तसाच ठेवून गेली.”

मावशींनी रिसीव्हर आमच्या दोघींच्या कानांमध्ये धरला. समुद्रापलीकडची ती रिकामी बेकरी आम्हाला ऐकू येत होती. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. मग दाराची घंटी वाजली, कोणीतरी आत आलं, हाक मारली, थोडं थांबलं आणि निघून गेलं. पुन्हा टिकटिक. मावशींची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मी त्यांना पाणी द्यायला उठणार होते, पण फोन सोडून उठायची भीती वाटली.

शेवटी पावलं वाजली. मार्तीन धापा टाकत बोलली. मावशी नुसत्या “वी, वी”, म्हणजे हो, हो, करत राहिल्या आणि फोन ठेवून जमिनीवरच बसल्या.

“सापडली. तळ्यात उभी होती, गुडघाभर पाण्यात. अंधारात पालेभाजी धूत होती. म्हणे, रेने जेवायला येणार आहे.”

त्या महिन्यातच मावशी जाऊन सासूला घेऊन आल्या.

आम्ही त्यांना आजी म्हणू लागलो. ठेंगण्या, ताठ, एप्रनच्या खिशात घडीचा चाकू बाळगणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी अपार्टमेंटच्या तिन्ही खिडक्यांतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, तळं कुठे आहे? मावशी म्हणाल्या, इथे तळं नाही. आजींना ते पटलंच नाही. “तळं नाही? मग इथले लोक बघतात कुठे?”

खिडकीतून दिसायचं ते पार्किंग. आजी खुर्ची ओढून त्याच्याकडे पाठ करून बसायच्या.

मावशी कामावर असताना मी काही दुपारी त्यांच्याजवळ बसायचे. मला बघितलं की आजी “पतीत” म्हणायच्या. पहिल्यांदा मी चांगलीच दचकले. मावशी त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं, छोटी म्हणते ती तुला. फ्रेंचमधे छोटी.” मी मराठीत बोलायचे, आजी फ्रेंचमध्ये, आणि बटाटे दोघी मिळून सोलायचो. त्यांच्या साली कागदासारख्या पातळ निघायच्या. माझ्या बघून त्या सुस्कारा टाकायच्या.

पण मावशींचं हसू त्या हिवाळ्यात कमी कमी होत गेलं. आजी मला ओळखत होत्या, सुहासला ओळखत होत्या, फक्त मावशींना विसरल्या. म्हणजे चेहरा आठवायचा, पण वरच्या दवाखान्यातली नर्स म्हणून. मावशी पांढऱ्या पोशाखात कामावरून आल्या की आजी अदबीनं उठून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “सिस्टर, माझ्या रेनेला घरी कधी सोडणार?”

मावशी म्हणायच्या, “डॉक्टर म्हणाले, लवकरच.”

रोज. एकदा मी म्हटलं, “मावशी, खरं सांगून टाका ना.”

“सांगितलं होतं. एकदा सांगितलं. रात्रभर रडली, सकाळी विसरली. म्हणजे मी रोज सांगायचं आणि तिनं रोज पहिल्यांदा ऐकायचं? नाही बाप्पा. तिचा मुलगा एकदाच गेला, तेवढं पुरे.” मग पोशाखाची बटणं सोडत त्या हळूच म्हणाल्या, “तो दवाखान्यात होता तेव्हा ही रोज चढ चढून यायची. माझ्याशी किती गोड बोलायची तेव्हा! सून झाले आणि बोलणं बंद केलं. आता पुन्हा गोड बोलते. मला तं ती मीठ जास्त टाकते म्हणणारीच बरी वाटते.”

फेब्रुवारीच्या शेवटी थोडी ऊब आली. बर्फ वितळू लागला. त्या दिवशी मावशींना सुट्टी होती. गाडीतून भाजीच्या पिशव्या वर आणायला त्या खाली उतरल्या, शेजारणीशी दोन शब्द बोलल्या आणि वर आल्या. दार उघडं. खुर्ची रिकामी. आजींचा कोट आणि बाजाराची टोपली नव्हती.

माझ्या दारावर थाप पडली. मी उघडलं, मावशी मागच्या बाजूला नुसतं बोट दाखवत होत्या. मला समजलं. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे पावसाचं पाणी साठवायला खणलेलं एक डबकं होतं. हिवाळाभर ते गोठलेलं असायचं आणि आता त्याचा बर्फ पातळ होत चालला होता. एक फोन पोलिसांना करून मी धावले. मावशी गाडीकडे धावल्या आणि दोरी घेऊन आल्या.

काठाच्या वाळलेल्या गवताशी बर्फ फुटलेला होता. काळं पाणी दिसत होतं. बदकांनी फोडला असेल, ऊन लागून फुटला असेल, काहीही असेल. मावशींनी दोरीचं एक टोक माझ्या हातात कोंबलं, दुसरं स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि “मामाँ! मामाँ!” करत पाण्यात उतरल्या.

“मावशी, नका! पोलीस येतायत! तुम्हाला पोहता येत नाही!”

त्या ऐकत नव्हत्या. पाणी मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. दोन्ही हातांनी बर्फाचे तुकडे बाजूला सारत त्या पाण्याखाली चाचपडत होत्या. मी दोरी हाताला गुंडाळून मागे रेलले होते आणि रडत होते. माझ्या मनात एकच येत होतं, त्या बुडाल्या तर माझ्याच्यानं ओढवणार नाही. पोलीस आले, त्यांच्यातल्या दोघांनी उतरून मावशींना अक्षरशः उचलून बाहेर काढलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. तरी त्या इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी एकत्र करून सांगत होत्या, अजून तिकडे बघा, त्या कोपऱ्यात बघितलं नाही.

आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो त्या वेळी आजी रेल्वे स्टेशनवर होत्या.

ते आम्हाला पुढे सुहासकडून कळलं. त्या दिवशी तो लवकर निघाला होता. प्रिन्स्टन जंक्शनला, आमच्या स्टेशनवर, उतरला, तर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर आजी, मांडीवर टोपली घेऊन, ताठ बसलेल्या. एवढं अंतर त्या चालत आल्या की कोणी गाडीत घेऊन सोडलं, ते कधीच कळलं नाही. सुहासला बघून त्यांनी बाही धरून त्याला शेजारी बसवलं. त्याला दोनच शब्द समजले. एक ‘रेने’ आणि दुसरा ‘बातो’. बातो म्हणजे बोट. बोटीच्या धक्क्यावर बसल्यासारख्या त्या बसल्या होत्या. त्यानं पब्लिक फोनवरून आमच्या घरी फोन लावला, मावशींकडे लावला. दोन्हीकडे नुसती रिंग वाजत राहिली. आजी तर जागच्या हलायला तयार नाहीत. गाडी आली की त्या मान उंच करून बघायच्या आणि नाही म्हणायच्या. आपली नाही. माणसं उतरायची, गाडी निघून जायची. वारा बोचरा होता. सुहासनं आपला मफलर त्यांना गुंडाळला आणि बसून राहिला. शेवटी तिकीटखिडकीतल्या बाईंना त्यानं सांगितलं, त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि डबक्याकाठी उभ्या असलेल्या पोलिसाच्या कमरेचा वायरलेस खरखरला.

मावशींना अँब्युलन्समध्ये घालत होते. त्या उतरल्या. त्या ब्लँकेट पांघरून, ओल्या बुटांनी, पोलिसांच्या गाडीत बसून स्टेशनवर आल्या. मी बरोबर होते.

मला वाटलं, त्या आता आजींच्या गळ्यात पडतील किंवा रागावतील. त्या बाकापुढे जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. बुटांतून पाणी निथळत होतं. आजींनी वर पाहिलं आणि बोलायला लागल्या. दोघी काय बोलल्या ते मावशींनी नंतर मला जसंच्या तसं सांगितलं.

“सिस्टर, तुमचे पाय ओले आहेत,” आजी म्हणाल्या.

“हो.”

“या थंडीत? छातीला लागेल. तुम्हाला तर माहीत असायला पाहिजे. घरी कोणी आहे का तुमची काळजी करणारं?”

“आहे.”

“कोण आहे?”

“सासू आहे माझी.”

“चांगली आहे का?”

“कडक आहे,” मावशी म्हणाल्या. “पण चांगली आहे.”

“मग इथे काय करता? वाट बघत असेल ती.” आजींनी टोपली उचलली आणि उठल्या. “चला, मी सोडते तुम्हाला घरी. एकट्या कशा जाल?”

आणि ज्या बाईला सुहास आणि स्टेशनवर आलेले दोन पोलीस हलवू शकले नव्हते, ती मावशींच्या हातात हात घालून जिने उतरली.

मावशींना त्यानंतर न्यूमोनिया झाला. बरं होऊन उठल्या तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं होतं. आजींना घेऊन गावी जायचं, कायमचं.

सगळ्यांनी समजावलं. मंडळातली माणसं म्हणाली, नवरा नाही, मूल नाही, परक्या म्हातारीसाठी नोकरी सोडता? ग्रीन कार्ड जाईल. तुमच्याच नर्सिंग होममध्ये ठेवा ना तिला. नागपूरहून भावाचा फोन आला. “जयभीम दादा,” म्हणून सुरुवात झाली आणि मग बराच वेळ दादाच बोलत होता. सुहासनंही विचारलं, “मावशी, भीती नाही वाटत?”

“वाटते ना रे. तिथे कोण आहे मला? ज्या बाईनं गावाला सांगितलं, ही आमच्या घरची, तीच मला ओळखत नाही. उद्या दार लावून घेतलं, म्हणाली सिस्टर तुम्ही जा वर दवाखान्यात, तं मी कुठे जाऊ? दवाखाना तं कधीचा बंद पडला.”

“मग?”

“मग काय? इथे ती रोज विचारते तळं कुठे आहे, आणि मला सांगता येत नाही. तिथे निदान बोट दाखवता येईल.”

एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुढचं मला फोनवरून कळत राहिलं. आजी दोन हिवाळे जगल्या. मावशींनी दाराला फक्त बाहेरूनच उघडेल असा खटका बसवला होता, तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना फाटक करून घेतलं होतं, आणि रोज संध्याकाळी हात धरून त्यांना काठावर न्यायच्या. आजी स्वतःच्या खाटेवर गेल्या, झोपेत. शेवटपर्यंत त्यांनी मावशींना सून म्हणून हाक मारली का, हे मी विचारलं नाही आणि मावशींनी सांगितलं नाही. मला वाटलं आता मावशी नागपूरला जातील. पण त्या राहिल्या. गावातल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघत, मार्तीनला संध्याकाळी दुकानात मदत करत. आम्ही नॉर्थ कॅरोलिनाला मॉरिसव्हिलला गेलो, मुलं झाली, जाऊ जाऊ म्हणता त्यांच्या गावी जाणं झालंच नाही.

म्हणून मावशी मला शेवटच्या दिसल्या त्या त्याच एप्रिलमध्ये, नेवार्कच्या विमानतळावर. तेव्हा पोचवायला आलेल्यांना विमानाच्या दारापर्यंत जाता येत असे. मावशींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. जिनिव्हाहून पुढची बस चुकली तर, घराचं छप्पर गळत असलं तर, विमानात आजी उठून चालायला लागल्या तर, असं त्यांचं अखंड चाललं होतं.

त्यांच्या रांगेची घोषणा झाली. आजींनी व्हीलचेअर नाकारली, उठून उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या. मावशींच्या दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून बोर्डिंग पास त्यांनी दातांत धरले होते. दाराशी पोचल्यावर आजी अचानक थांबल्या. मागची सगळी रांग थांबली. मावशींच्या कोटाची कॉलर आत दुमडली गेली होती. आजींनी टाचा उंचावून ती बाहेर काढली, सारखी केली, आणि वरचं बटण लावू लागल्या. बटण काजात जाईना. मागून कोणीतरी खाकरलं. मावशी दातांत पास धरून, हनुवटी वर करून, हलल्याही नाहीत. त्यांना आम्हाला हात करता येत नव्हता, काही बोलता येत नव्हतं. डोळे तेवढे आमच्याकडे वळले होते. बटण लागलं. आजींनी त्यावर दोन बोटांनी थापटलं, आणि दोघी आत गेल्या.